दुसऱ्या सीझनचा चौथा भाग

दुसऱ्या सीझनचे पहिले तीन भाग सपशेल पडले.

'बारा घरांची वाडी' ही मालिका किकवीच्या गोरखनं काढली होती. त्याचा हायवेला लग्नाचे व्हिडिओ काढायचा स्टुडिओ. लग्नसराई सरली की कॅमेरा आणि ड्रोन धूळ खात पडायचे. त्या मोकळ्या दिवसांत त्यानं ही गावरान वेबसिरीज करून यूट्यूबवर टाकली. लिहायचं काम शिवानीचं. शिवानी त्याच्याच गावची, भोरला कॉलेज केलेली. भोरच्या एसटी स्टँडसमोर फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं, तिथं ती दिवसभर लोकांचे अर्ज टाइप करायची. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, रेशनकार्डातलं नाव, जे येईल ते. लोक कसे बोलतात हे तिला त्या खुर्चीत बसूनच कळलं होतं आणि पहिला सीझन चालला तो त्याच बोलण्यावर.

पहिल्या सीझनला लोकांनी डोक्यावर घेतलं होतं, त्यातही अण्णा कारभाऱ्याला. अण्णा म्हणजे वाडीतला सगळ्यात शहाणा माणूस, निदान स्वतःच्या मते. ते काम गुंजवण्याचे गेनबा करायचे. पासष्टीचे, राजगडाच्या पायथ्याला भातशेती करणारे. कधी नाटकातसुद्धा उभे न राहिलेले. गोरख एकदा गडावर ड्रोन उडवायला गेला असताना ते त्याच्याशी तासभर भांडले होते. त्या भांडणावरच त्यानं त्यांना निवडलं. सेटवर सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्यांना संवाद एकदा म्हणून दाखवला की पुरे, दुसऱ्यांदा सांगावा लागत नसे. पानभर बोलणं ऐकायचे, तंबाखूची चिमूट सोडायचे आणि कॅमेऱ्यासमोर असं बोलायचे की जणू आत्ताच सुचलंय.

पण दुसरा सीझन आला आणि काहीतरी बिघडलं. पहिला भाग बघून लोकांनी लिहिलं, 'ओढूनताणून केलंय.' दुसऱ्याला लिहिलं, 'पहिल्या सीझनची मजा गेली राव.' तिसऱ्याला तर लिहिणारेही कमी झाले, आणि शिवानीला ते जास्त लागलं. रोज सकाळी गोरख आकडे तिला पाठवायचा, फक्त आकडे.

तिसऱ्या भागाचं शूटिंग भोंगवलीला देवळात झालं होतं. शिवानीनं त्या दिवशी तात्यांसाठी भोरच्या बाजारातून एक वाचायचा चष्मा आणला होता. कारण कधीही कागद पुढं केला की तात्या म्हणायचे, चष्मा घरी राहिला, तूच वाच. म्हाताऱ्या माणसाला डोळे तपासायला पुण्याला कोण नेणार, असं तिच्या मनात आलं आणि तिनं दोन-तीन नंबरचे बघून आपल्या अंदाजानं एक घेतला. जेवणाच्या सुट्टीत सभामंडपात दोघंच होते, तेव्हा तिनं तो त्यांना दिला. तात्यांनी तो घातला. तिनं हौसेनं संवादाचा कागद हातात दिला. तात्यांनी कागद धरला, मान हलवली. पण त्यांचे डोळे एका जागी होते, ओळीवरून सरकत नव्हते. दुकानात तिनं असे डोळे शेकडो वेळा पाहिले होते, म्हणून तिला लगेच समजलं. तिला समजलंय, हे तात्यांनाही समजलं.

चष्मा काढून त्यांनी तो नीट मिटला.

"पोरी, चष्म्यानं न्हाई व्हायचं ते," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. शाळेत चार दिवस गेले असतील, पाचव्या दिवसापासून गुरांमागं. पुढं पुण्याला मार्केट यार्डात हमाली केली, तिथून पँट-शर्ट घालून गावाला आले, तर लोकांना वाटलं, गेनबा शिकून आला. त्यांनीही तसं वाटू दिलं. लोक कागद आणायचे, ते काहीतरी निमित्त काढून दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे आणि मग सांगायचे. एकदाच ते साधलं नाही. धरणात थोडी जमीन गेली, तेव्हा घरी नोटीस आली. आई चुलीपुढं बसली होती. म्हणाली, गेनबा, काय लिहिलंय वाच. त्यांनी कागद धरला आणि म्हणाले, पुढच्या महिन्यात बोलावलंय. पर्यायी जमीन निवडायला या, असं त्या नोटिशीत होतं आणि मुदत आठ दिवसांची होती. चांगली जमीन दुसऱ्यांनी निवडली, यांच्या वाट्याला बरड आली.

"आई मरंपतुर सरकारला शिव्या देत हुती," तात्या म्हणाले. "म्या शेजारी बसून ऐकायचो."

हे बायकोला, पोरांना, कुणालाच ठाऊक नव्हतं. उठताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कुणाला बोलू नकोस म्हणाले. नाही बोलणार, असं शिवानीनं देवळात बसून सांगितलं.

ती बोलली नाहीच. तिनं लिहिलं.

तिसऱ्या भागाचे आकडे आले त्याच दिवशी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, एका वाया गेलेल्या फॉर्मच्या पाठीवर तिनं चौथा भाग लिहायला घेतला. तासाभरात तो लिहून झाला. वाडीत नोटीस येते: उद्या सकाळी गुरांना लस टोचणार, जनावरं घेऊन देवळासमोर हजर राहा. अण्णा कारभारी ती ऐटीत वाचतो: उद्या सकाळी वधू-वर मेळावा, लग्नाची पोरं आंघोळ घालून हजर करा. सकाळी वाडीतले बत्तिशी-पस्तिशीचे सगळे बिनलग्नाचे घोडे पावडर फासून रांगेत उभे, आणि जनावरांचा डॉक्टर सुई घेऊन येतो. लिहिताना शिवानी एकटीच हसत होती. तीन महिन्यांत असं सुचलं नव्हतं. तात्यांची आठवण तिला झाली नाही असं नाही. झाली. पण नोटीस धरणाची नाही, आई नाही, चूल नाही, मग ही गोष्ट तात्यांची कशी, असं तिनं स्वतःला समजावलं आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

शूटिंगला तात्यांनी विचारलं की अण्णा असं खोटं का वाचतो. तेव्हा मात्र शिवानीनं त्यांच्याकडं न बघता सांगितलं, अण्णा मुद्दाम फसवतो तात्या, पोरांची खोड मोडायला. तात्यांना ते आवडलं. मिशीला पीळ देत ते तयार झाले.

गोरख कागद घेऊन तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "उलटा देऊ का हातात?" चष्म्याविना तात्यांना काही दिसत नाही, त्यांना कळायचं नाही, एवढंच त्याच्या मनात होतं.

नाही म्हणायला एक क्षण होता. पुढं कितीतरी दिवस तिला तोच क्षण आठवत राहिला. गोरखच्या बोटांतला तो कागद, आणि पलीकडं कॉलर नीट करत उभे असलेले तात्या.

"दे," ती म्हणाली.

तात्यांनी दिला तसा कागद धरला. वधू-वर मेळाव्याची नोटीस त्यांनी अशी वाचली की कॅमेऱ्यामागचे लोक तोंडावर हात धरून हसले. तात्याही हसले, आपलं काम जमलं असं त्यांना वाटलं. शेवटचा शॉट त्यांना सांगितलाच नाही. ते गावाला गेल्यावर गोरखनं तो घेतला: डॉक्टरचा हात येतो, कागद सुलटा करतो, आणि 'पशुधन लसीकरण' ही अक्षरं सगळ्या पडद्यावर दिसतात.

भाग शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता यूट्यूबवर आला. रविवार दुपारपर्यंत दहा लाख लोकांनी पाहिला. 'याला म्हणतात कमबॅक.' 'दुसऱ्या सीझनचा पहिला खरा एपिसोड.' 'लेखिकेला सलाम.' कागद धरलेल्या अण्णाचा पंधरा सेकंदांचा तुकडा लोकांनी कापून घेतला आणि तो प्रत्येकाच्या मोबाईलवर फिरायला लागला. नसरापूरच्या हॉटेलात, भोरच्या स्टँडवर, जिथं जावं तिथं तो आवाज. शिवानीच्या आईनं घरी पेढे वाटले. शिवानीनं तात्यांना फोन केला नाही. त्यांचाही आला नाही.

बुधवारी ते दुकानात आले.

गर्दी होती. तात्या टोपी हातात घेऊन बाकावर शेवटी बसले, आपला नंबर यायची वाट बघत. तिनं दोनदा पुढं बोलावलं, पण ते उठले नाहीत. गुंजवण्याहून नसरापूरला जीप, तिथून एसटी, एवढं करून आलेला माणूस पाऊण तास तिथं बसून राहिला. नंबर आल्यावर समोरच्या स्टुलावर बसून त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि टेबलावर ठेवला.

"लोकांनी काय लिवलंय, ते वाचून दाव."

शिवानीनं वाचायला सुरुवात केली. अण्णांचं काम एक नंबर. तात्या, तुम्ही आमचं मन जिंकलं. अशी माणसं आता राहिली नाहीत. ती एकेक शोधून वाचत होती आणि बोटानं मधल्या ओळी वर सरकवत होती. तात्या ऐकत होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, "रविवारी गडाव आलेल्या पोरांनी मला त्ये पुरं दावलं. शेवटाला कागद सुलटा व्हतो, त्येबी दावलं. आता वगळलंस ते वाच."

मागं बाकावर सात-आठ माणसं होती. शिवानीचे कान तापले. नंतर वाचते तात्या, असं ती पुटपुटली. ते उठले नाहीत, आवाजही चढवला नाही. शेवटी तिनं वाचलं.

"'हा माणूस ॲक्टिंग करत नाहीये, खरोखरच अडाणी आहे.' त्याखाली लिहिलंय, 'आमच्या गावातपण असलाच एक आहे, चष्मा घरी राहिला म्हणतो.' त्याखाली..."

"वाच."

"'असल्यांच्या नादाला लागूनच गावं बुडाली.'"

बाकावर कुणीतरी तात्यांना ओळखलं. हळू आवाजात शेजाऱ्याला सांगितलं, आणि तो फसकन हसला. तात्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मोबाईल खिशात ठेवला, टोपी घातली आणि ते उठले. रिकाम्या स्टुलावर पुढची बाई येऊन बसली आणि तिनं जातीच्या दाखल्याचे कागद पुढं केले.

त्या संध्याकाळी तिनं गोरखला भाग काढून टाकायला सांगितलं. सगळं सांगितलं, चष्म्यापासून. गोरखनं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. पण तो म्हणाला की आता काढून उपयोग नाही, तो तुकडा हजार ठिकाणी गेलाय, तो कुठून कुठून काढणार? आणि मग म्हणाला, "मला काय ठाऊक होतं? तुला ठाऊक होतं. तूच दे म्हणालीस."

माफीचं चार ओळींचं काहीतरी तिनं मोबाईलवर लिहिलं, आणि कुणाला लिहितोय हे ध्यानात आल्यावर पुसून टाकलं.

रविवारी ती स्कूटीवर गुंजवण्याला गेली. भातं कापायला आली होती, मार्गासनीच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापणी चालू होती. तात्यांच्या घरापुढं गडावर जाणाऱ्या पोरांच्या गाड्या लागल्या होत्या. त्यांची बायको धोंडाबाई चुलीवर भाकऱ्या थापत होती. येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून द्यायचं तिचं काम. दोन पोरं उंबऱ्यात उभी राहून अण्णांना बाहेर बोलवा, एक व्हिडिओ घ्यायचाय, म्हणत होती. शेतावर गेलेत, असं धोंडाबाईनं न बघता सांगितलं. पोरं गेल्यावर ती शिवानीला म्हणाली की हे असं रोज चाललंय, घरी असले तरी मागच्या दारी बसून राहतात.

"काकी, ते मी लिहिलं," शिवानी म्हणाली. "त्यांनी मला विश्वासानं सांगितलं होतं, आणि मी ते लिहिलं."

धोंडाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. शिव्या द्याव्यात, हाकलून द्यावं, असं शिवानीला वाटत होतं. ते सोपं गेलं असतं. धोंडाबाईनं भाकरी शेकली, हात धुतले, आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून एक पिशवी घेऊन आली. पिशवीत जुनी पत्रं होती, निळी, घडीवर फाटलेली.

तिचा भाऊ कोंडिबा पिंपरीला कारखान्यात होता. तिच्या लग्नानंतर दहा-बारा वर्षं तो पत्रं पाठवायचा. मग वारला. ती सगळी पत्रं नवऱ्यानं तिला वाचून दाखवली होती. संध्याकाळी ओट्यावर बसून, पुन्हा पुन्हा, ती म्हणेल तितक्यांदा. आणि आता साऱ्या तालुक्याला कळलं तेव्हा तिलाही कळलं, की नवऱ्याला वाचता येत नाही. तिनं विचारलं होतं. ते म्हणाले, साखर गावाला चालत जाऊन मास्तरांकडून वाचून घ्यायचो, वाटेनं पाठ करत यायचो.

"त्यांनी खरंच वाचलं, का मनानं रचलं, त्ये मला बगायचंय," ती म्हणाली. "तू वाच. माझ्या भावाचं बोलनं त्येवढंच हाय माझ्यापाशी."

शिवानी ओट्यावर बसली. तिनं पहिलं पत्र उघडलं. ती वाचायला लागली आणि तिच्या अर्ध्या शब्दापुढं धोंडाबाई पुटपुटायला लागली. तिला सारं पाठ होतं. शिवानीनं 'चिरंजीव धोंडीस' म्हणावं, तोवर धोंडाबाई आशीर्वादापर्यंत पोचलेली. शब्दाला शब्द जुळत होता. बैलाची किंमत, मधल्या पोराचा ताप, कारखान्यातला संप, सगळं. दुसरं, तिसरं पत्र. धोंडाबाईच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होत चालला. शिवानीला प्रत्येक ओळीबरोबर अधिकच खाली खचल्यासारखं होत होतं. पाच कोसांची पायपीट करून या माणसानं हे सारं डोक्यात वाहून आणलं होतं. संवाद एकदा ऐकले की पाठ व्हायचे, ते असे. आणि त्याला ती अडाणी म्हणून जगापुढं मांडून बसली होती.

मग दिवाळीचं एक पत्र आलं, तात्यांच्या नावानं लिहिलेलं. त्यात लिहिलं होतं: 'यंदा दिवाळीला धोंडीला पाठवू नये. ती आली म्हणजे हिची चिडचिड होते व घरात कटकट होते. मलाही आता हे निभत नाही.'

शिवानी थांबली. धोंडाबाई डोळे मिटून पुढचं म्हणत होती: "यंदा दिवाळीला आमीच गावाकडं येनार हुतो, पन सुट्टी न्हाई. धोंडीनं वाईट वाटून घिऊ नये."

अंगणात पावलं वाजली. तात्या डोक्यावर भाताचा भारा घेऊन आले होते. ते तसेच उभे राहिले. पिशवी त्यांनी पाहिली, पत्र पाहिलं, आणि कोणतं पत्र असेल हे त्यांना कळलं असावं. शिवानीनं खाली मान घातली आणि धोंडाबाईच्या मागोमाग वाचलं, "'यंदा दिवाळीला आम्हीच गावाकडं येणार होतो, पण सुट्टी नाही. धोंडीनं वाईट वाटून घेऊ नये.'" मग खालची सही वाचली आणि पत्र मिटलं.

धोंडाबाईनं पदरानं डोळे पुसले. समदं खरंच वाचलं होतं त्यांनी, असं म्हणून ती पिशवी घेऊन आत गेली. कितीतरी वेळ ती बाहेर आली नाही.

तात्यांनी भारा भिंतीकडं टाकला. शिवानी उठून त्यांच्यापुढं उभी राहिली. येताना सगळ्या रस्त्यानं जुळवलेलं बोलणं होतं, त्यातलं 'तात्या, माझं चुकलं' एवढंच तोंडातून निघालं.

"त्या पत्रात काय वगळायचं, त्ये तुला आत्ता कळलं," तात्या हळू आवाजात म्हणाले. "म्हंजी कळतंय तुला. मंग तवा का न्हाई कळलं?"

आकडे पडले होते, लोक मजा गेली म्हणत होते, हे त्या अंगणात सांगायला तिची जीभ उचलेना. तात्यांनीही फार वाट पाहिली नाही. शूटिंगला आता येणार नाही, गोरखला निरोप दे, एवढं सांगून ते पुन्हा शेताकडं निघाले. ती मागोमाग गेली. तिनं न विचारता भारे उचलायला सुरुवात केली, आणि त्यांनी तिला अडवलं नाही. दिवस कलेपर्यंत तिनं काम केलं. भाताच्या पात्यांनी हात चिरले. कुणी तिच्याशी बोललं नाही. धोंडाबाईनं तिलाही ताटात भाकरी वाढली. ती टाकून उठायची हिंमत तिला झाली नाही.

उरलेल्या दोन भागांत अण्णा कारभारी लेकाकडं मुंबईला गेला, असं गोरखनं दाखवलं. लोकांनी लिहिलं, अण्णांशिवाय मजा नाही. सीझनच्या शेवटी किकवीला सगळी मंडळी जेवायला जमली, तेव्हा शिवानीनं उभं राहून आपण काय केलं ते सर्वांसमोर सांगितलं. मग कुणीतरी म्हणालं, ताई, फार मनाला लावून घेऊ नका, हिट तर झालं ना. मटणाचं पातेलं फिरलं आणि बोलणी दुसरीकडं गेली. तिसऱ्या सीझनला तिनं नाही सांगितलं.

दुकान चालूच आहे. हातात कागद घेऊन कुणी चष्मा घरी राहिला म्हणालं, की ती मान वर न करता कागद घेते आणि हळू आवाजात, त्या माणसाला एकट्यालाच ऐकू जाईल असा, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते. चौथा भाग अजून यूट्यूबवर आहे. तो तिनं परत पाहिलेला नाही. पण किती जणांनी पाहिला, तो आकडा ती रोज सकाळी उघडते. तो रोज वाढलेला असतो.